शिकवण्याची बखर

शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक होते आणि त्यांचा जीव जुन्या कागदांत रमायचा. महाराणी ताराबाईंच्या काळातली पत्रं, हुकूम, सनदा त्यांनी जमवल्या, वाचल्या, संपादित केल्या. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ शिवाजी विद्यापीठानंच छापली. त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वी ताराबाईंनी कोणाला काय लिहिलं, कोणत्या वतनाचा वाद कसा मिटवला, हे आज एखादा एम.ए.चा विद्यार्थीही वाचून सांगू शकतो.

आता त्याच विद्यापीठाचा विचार करा. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्या पहिल्या वर्षात एखाद्या वर्गात काय घडलं असेल? कोणत्या मुद्द्यापाशी मुलं अडली, प्राध्यापकांनी समजावण्याची कोणती वाट बदलून पाहिली, सत्राच्या शेवटी मुलांच्या डोक्यात नेमकं काय उरलं? अशा प्रश्नांवर जगातलं कुठलंही विद्यापीठ बहुधा गप्पच बसेल. अभ्यासक्रमाची पुस्तिका मिळेल, प्रश्नपत्रिका मिळतील, निकालाचे तक्ते मिळतील. काय शिकवायचं ठरलं होतं ते पहिल्या कागदावर आणि किती गुण पडले ते शेवटच्या कागदावर. शिकणं मात्र या दोन कागदांच्या मधे घडतं आणि त्या मधल्या जागेचा कागदच नसतो.

मला याचं विलक्षण नवल वाटतं. ज्या इमारतीत हे घडतं, तिथेच संशोधनाची नोंद किती बारकाईनं होते पाहा. शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या संशोधनासाठी ओळखला जातो. तिथला पीएच.डी.चा विद्यार्थी काचेवर एक थर बसवतो तेव्हा द्रावण किती तीव्र होतं, तापमान किती होतं, किती वेळ ठेवलं, थराची जाडी किती नॅनोमीटर आली, सगळं वहीत उतरतं. प्रयोग फसला तर तोही उतरतो, कारण फसलेल्या प्रयोगाची नोंद पुढच्याचे सहा महिने वाचवते. भिंतीपलीकडे त्याच विभागातले प्राध्यापक साठ मुलांना तोच विषय वीस वर्षं शिकवत असतात. कोणत्या उदाहरणानं वर्गाचे डोळे चमकतात आणि कोणत्या उदाहरणानं गोंधळ वाढतो, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. ते निवृत्त होतात, निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं आणि वीस वर्षांचं ते ज्ञान त्यांच्याबरोबर घरी जातं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी आलेला तरुण प्राध्यापक शून्यापासून सुरुवात करतो.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९९३ मध्ये एका छोट्या लेखात याच दुखण्यावर बोट ठेवलं. तरुणपणी त्यांना वाटायचं की प्राध्यापकाचं संशोधन एकांतात चालेल आणि शिकवणं मात्र चारचौघांत, सहकाऱ्यांच्या सोबतीनं चालेल. प्रत्यक्षात उलटं निघालं. संशोधनात माणसाला जगभरचे सोबती मिळतात. तो लिहितो, इतर वाचतात, चुका काढतात, त्यावर पुढचं रचतात. वर्गाचं दार लागलं की मात्र तो एकटा. आपल्याकडे तर हा फरक चटकन समजावा. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पैलवान उतरतो तेव्हा वस्तादानं वर्षभर तालमीत काय घोटून घेतलं, ते हजारो जाणती माणसं उघड्या डोळ्यांनी पाहतात आणि त्यावर रात्रभर बोलतात. प्राध्यापकाच्या मेहनतीला असं मैदान नाही. शुलमन यांचं म्हणणं असं की, शिकवण्याला प्रतिष्ठा हवी असेल तर ते आधी सर्वांच्या मालकीचं व्हायला हवं आणि त्यासाठी त्याचा काहीतरी टिकाऊ, वाचता येईल असा दस्तऐवज हवा.

तसा दस्तऐवज विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं, विल्यम सर्बिन यांनी, त्याच सुमारास करून दाखवला. त्याला नाव पडलं कोर्स पोर्टफोलिओ. कल्पना इतकी साधी आहे की ती इतक्या उशिरा कशी सुचली, याचंच आश्चर्य वाटावं. एक विषय घ्यायचा, एक सत्र घ्यायचं आणि त्याची संशोधनासारखी नोंद ठेवायची. सुरुवातीला लिहायचं की मी हा विषय असा का मांडतो आहे आणि मुलांनी यातून नेमकं काय करू शकावं असं मला वाटतं. मग सत्र चालू असताना काय घडलं ते. आणि शेवटी मुलं काय शिकली, त्याचा पुरावा. हा पुरावा म्हणजे टक्केवारीचा तक्ता नव्हे. तो म्हणजे मुलांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली उत्तरं, काढलेल्या आकृत्या, सोडवताना खोडलेल्या ओळी. १९९४ पासून नेब्रास्का विद्यापीठात डॅनियल बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवली. एकाचा पोर्टफोलिओ दुसऱ्या विद्यापीठातल्या त्याच विषयाच्या जाणकारानं वाचायचा आणि शोधनिबंधावर लिहितात तसं मोकळेपणानं त्यावर मत द्यायचं, अशी रीत त्यांनी पाडली.

हे कोरडं वाटत असेल तर कोल्हापूरचं एक उदाहरण रचून पाहू. उदाहरण कल्पनेतलं आहे, पण त्यातली नदी खरी आहे.

समजा, इथल्या एखाद्या महाविद्यालयात भूगोलाच्या प्राध्यापक बाई जलविज्ञान शिकवतात. पहिल्या तासाला त्या पाठ्यपुस्तक उघडत नाहीत. कोरा कागद देतात आणि एकच प्रश्न घालतात: पंचगंगेला पूर का येतो? कारणं लिहा आणि ती एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, ते आकृती काढून दाखवा. वर्गातल्या प्रत्येकाला यावर बोलायचं असतं. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या लहान मुलालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, ते या मुलांनी घराच्या माडीवरून पाहिलेलं असतं. कागद परत येतात. कोणी लिहितं, पाऊस जास्त झाला. कोणी लिहितं, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले. कोणी सगळं खापर अलमट्टी धरणावर फोडतं. कारणांची यादी प्रत्येकाकडे आहे, आकृती मात्र जवळजवळ कोणालाच काढता आलेली नाही. बाई ते कागद गुण न देता जपून ठेवतात. पोर्टफोलिओची सुरुवात इथे होते.

मग बाई स्वतःसाठी एक पान लिहितात: या सत्राअखेर मुलांनी यादीकडून व्यवस्थेकडे जावं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते. तिथून खाली उतार फारच कमी. पुढे नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते आणि कृष्णाच फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी ओसरायला जागा राहत नाही, फुगवटा मागे सरकतो. पाऊस, धरण, उतार, फुगवटा, पूररेषेच्या आतली बांधकामं, ही सगळी एकाच यंत्रातली चाकं आहेत. हे मुलांना दिसलं तर विषय शिकवला असं मी म्हणेन.

सहाव्या-सातव्या आठवड्यात एक अडचण उघडी पडते. छोट्या चाचणीत निम्म्याहून जास्त मुलं टीएमसी आणि क्युसेक एकाच अर्थानं वापरतात. वर्तमानपत्रात दोन्ही शब्द रोज शेजारीशेजारी छापून येतात, त्यामुळे कोणाला शंकाच आलेली नसते. टीएमसी म्हणजे किती पाणी, शंभर कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे पाणी किती वेगानं वाहतं, सेकंदाला एक घनफूट. साठा आणि प्रवाह यांतला हा फरक कळल्याशिवाय पुराचं गणित कळणं शक्य नाही. बाई पुढचा धडा थांबवतात. एक टीएमसी पाणी बरोबर एका दिवसात सोडायचं तर किती क्युसेकनं सोडावं लागेल, हे त्या मुलांनाच काढायला लावतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद, भागाकार करा. उत्तर येतं ११,५७४ क्युसेक. वर्ग क्षणभर चकित होतो. मग जुनी वर्तमानपत्रं येतात आणि मुलं विसर्गाच्या आकड्यांवरून स्वतः हिशेब करू लागतात. त्या रात्री बाई चार ओळी लिहितात: पुढच्या वर्षी हा भाग दुसऱ्याच आठवड्यात घ्यायचा.

शेवटच्या तासाला तोच प्रश्न, तोच कोरा कागद. आता बाई तीन उत्तरं निवडतात. एका मुलीनं प्रयाग चिखलीच्या संगमापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत बाण काढत आख्खं यंत्र उभं केलं आहे. एका मुलानं अजूनही पाऊस जास्त झाला एवढंच लिहिलं आहे. तिसरं उत्तर मधलं आहे आणि बाई सर्वात जास्त त्याच्यावरच लिहितात. त्या मुलानं पाणलोट क्षेत्र, विसर्ग, फुगवटा हे सगळे शब्द बिनचूक लिहिले आहेत, व्याख्याही बरोबर आहेत. पण त्याच्या आकृतीत एकाही शब्दाचा दुसऱ्याशी बाण जोडलेला नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत या मुलाला चांगले गुण पडतील. नदी मात्र त्याला अजून दिसलेली नाही.

माझ्या मते पोर्टफोलिओचं सगळं मोल या तिसऱ्या कागदात आहे. गुण आणि समज या दोन गोष्टी किती अलगद वेगळ्या होऊ शकतात, ते तो दाखवतो. हे केवळ आपल्याकडचं दुखणं नाही. १९८७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात चित्रित झालेली एक फिल्म आहे. पदवीचे झगे घातलेल्या विद्यार्थ्यांना आणि काही प्राध्यापकांना सहज विचारलं गेलं की उन्हाळा आणि हिवाळा कशामुळे होतात? तेवीसपैकी एकवीस जणांना नीट सांगता आलं नाही. बहुतेकांनी मोठ्या आत्मविश्वासानं पृथ्वी सूर्याच्या जवळ-लांब जाते असं सांगितलं. पृथ्वीच्या कललेल्या आसाचा धडा त्यांनी शाळेत वाचला होता, परीक्षाही दिली होती. तरी लहानपणीची समजूत तशीच तळाशी बसून राहिली होती.

त्याच हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांना आपण उत्तम शिकवतो अशी खात्री होती, कारण विद्यार्थी त्यांना भरभरून गुण द्यायचे. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या वर्गाला बल आणि गती यांवरचे अगदी साधे, गणित न लागणारे प्रश्न दिले. एका विद्यार्थिनीनं विचारलं की ही उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी द्यायची, की मला एरवी जसं वाटतं तशी? माझुर यांच्यासाठी तो प्रश्नच सगळ्यात मोठा निकाल ठरला. तिच्या डोक्यात दोन भौतिकशास्त्रं शेजारीशेजारी नांदत होती, एक परीक्षेसाठी आणि एक जगण्यासाठी. त्यानंतर त्यांनी आपली शिकवण्याची पद्धतच पालटली. जगभरचे प्राध्यापक आज ही गोष्ट सांगतात, याचं कारण एवढंच की माझुर यांनी ती लिहून ठेवली.

शिकवण्याची नोंद आणि शिकण्याची नोंद यांत फरक आहे आणि तो समजण्यासाठी रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांइतकं बोलकं उदाहरण नाही. १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेकमध्ये त्यांनी पदवीच्या पहिल्या दोन वर्षांना भौतिकशास्त्र शिकवलं. प्रत्येक व्याख्यान ध्वनिमुद्रित झालं, फळ्याची छायाचित्रं घेतली गेली, त्यातून तीन जाडजूड खंड झाले. सबंध जगात एवढ्या काटेकोरपणे जपलेला दुसरा अभ्यासक्रम क्वचितच असेल. आणि त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत फाइनमन निराशेनं लिहितात की, विद्यार्थ्यांनी परीक्षेत जी उत्तरं लिहिली त्यावरून पाहता हा प्रयोग बहुतेकांच्या बाबतीत यशस्वी झाला असं त्यांना वाटत नाही. शिक्षकाचा शब्दन् शब्द टिकला. त्या मुलांच्या उत्तरपत्रिका कुठे आहेत? कोणत्या प्रकरणात, कोणत्या पायरीवर ती हुशार मुलं अडखळली, हे आपल्यापुढे असतं तर त्या तीन खंडांच्या शेजारी तितक्याच मोलाचा चौथा खंड उभा राहिला असता.

हे सगळं पाश्चात्त्यांचं म्हणून बाजूला सारण्याआधी मराठीनं आपलंच घर एकदा पाहावं. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ कोणता? तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’. तो ज्यांच्या आठवणींचा आहे त्या महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. ते चालत राहिले, बोलत राहिले, शिष्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले. ते निघून गेल्यावर म्हाइंभटांनी गावोगाव फिरून ज्याला जे आठवत होतं ते गोळा केलं, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतलं आणि लिहून काढलं. त्यात काय आहे? कोणत्या ठिकाणी, कोणाच्या कोणत्या शंकेवर स्वामी काय म्हणाले, कोणती गोष्ट सांगून त्यांनी ती शंका फेडली, ऐकणाऱ्यांना काय वाटलं. महादाइसेसारखी शिष्या पुन्हा पुन्हा प्रश्न विचारते आणि तिचा प्रश्नही तितक्याच आदरानं नोंदला जातो. एकाच प्रसंगाची दोघांची आठवण वेगळी असेल तर ते वेगळेपणही नावानिशी नोंदलं आहे. मराठी गद्याचा पायाच एका शिक्षकाच्या आणि त्याच्या शिष्यांच्या संवादाच्या नोंदीवर रचला गेला आहे. सातशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेला जे जमलं ते आज आपल्या विद्यापीठांना जमू नये, हे मला पटत नाही.

आणि कोल्हापुरात तर याची अगदी अलीकडची परंपरा आहे. लीलाताई पाटील या कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या कन्या. फडके इथल्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत असत. लीलाताईंनी शिक्षकांना शिकवण्यात, बी.एड. महाविद्यालयात, उमेदीची वर्षं घालवली. निवृत्तीनंतर १९८५ मध्ये त्यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि जे आयुष्यभर सांगितलं ते छोट्या मुलांच्या वर्गात करून पाहिलं. करून पाहिलं आणि लिहिलंही. मुलांनी काय विचारलं, काय लिहिलं, शिक्षकांनी त्यावर काय केलं, कुठे फसलं, हे त्यांच्या पुस्तकांतून मराठी शिक्षकांपर्यंत पोचलं. २०२० मध्ये लीलाताई गेल्या. कोकणातल्या, विदर्भातल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई आजही त्या पुस्तकातला एखादा उपक्रम आपल्या वर्गात करून पाहू शकतात. शाळेच्या पातळीवर एका शिक्षिकेनं हे करून दाखवलं. विद्यापीठाच्या पातळीवर, पदव्युत्तर वर्गात, अभियांत्रिकीत, कायद्यात असं लिहिणारे किती?

इथे कोणी प्राध्यापक हसून म्हणतील की आमच्या कपाटात तर फाईलींचा ढीग आहे! आणि ते खरंच आहे. कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात जा, प्रत्येक विषयाची कोर्स फाईल सापडेल. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्यामुळे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळानं, म्हणजे एनबीएनं मानांकित केलेल्या अभियांत्रिकी पदवीला इतर सदस्य देशांत मान्यता मिळण्याची वाट खुली झाली. त्या मानांकनासाठी विद्यार्थी काय करू शकतो याचा पुरावा लागतो. म्हणून फाईलीत अभ्यासक्रम असतो, तासांचं नियोजन असतं, प्रश्नपत्रिका असतात, कोर्स आउटकम आणि प्रोग्रॅम आउटकम यांची सांगड घालणारा तक्ता असतो. आणि बहुतेक ठिकाणी उत्तम, मध्यम आणि कमकुवत अशा तीन नमुना उत्तरपत्रिकाही असतात.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो. सर्बिन आणि बर्नस्टीन यांच्या पद्धतीत जे कागद हवेत, तसे तीन कागद आपल्या हजारो फाईलींमध्ये आधीच पंच करून लावलेले आहेत! सगळं साहित्य जमलेलं आहे. दोनच गोष्टी नाहीत. एक, त्या कागदांना कोणी विचारलेला प्रश्न. दोन, ते कागद वाचणारा माणूस.

मध्यम उत्तरपत्रिका फाईलीत असते, पण ती मध्यम का, हे लिहिलेलं पान तिच्यामागे नसतं. त्याऐवजी असतो अटेनमेंटचा आकडा: ठरावीक टक्के मुलांनी ठरावीक गुण ओलांडले की तीनपैकी तीन. आपल्या भूगोलाच्या बाईंचा तो तिसरा विद्यार्थी या आकड्यात यशस्वी म्हणून मोजला जाईल आणि कायमचा दिसेनासा होईल. नॅकचं, म्हणजे विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचंही तसंच. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेच्या २०२१ सालच्या पद्धतीत सात निकषांपैकी दुसरा निकष अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन यांचाच होता. शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये ए प्लस प्लस ही सर्वोच्च श्रेणी मिळाली, त्यामागे कित्येकांचे कष्ट आहेत आणि त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात रात्री जागून सजवलेली फाईल तपासनिसासाठी असते. ती तपासून झाली की तिचं काम संपतं. पोर्टफोलिओ लिहायचा तो आपल्यासारख्याच, तोच विषय शिकवणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी. कऱ्हाडच्या, सोलापूरच्या, पणजीच्या वर्गात उद्या तीच अडचण ज्याला येणार आहे, त्याच्यासाठी.

रँडी बास नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी १९९९ मध्ये फार मार्मिक मुद्दा मांडला. संशोधनात तुमच्यापुढे कोणता प्रश्न आहे असं विचारलं तर माणूस खुलून बोलतो. शिकवण्यात काही प्रश्न आहे का असं विचारलं तर त्याला तो आरोप वाटतो. आपल्याकडे हे आणखी तीव्र आहे. ज्या फाईलीवर श्रेणी ठरते, बढती ठरते, त्या फाईलीत ‘माझ्या निम्म्या वर्गाला हे समजलं नाही’ असं कोण लिहील? म्हणून माझं ठाम मत आहे की पोर्टफोलिओ आणि मानांकनाची फाईल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिला बढतीच्या गुणांत धरला तर त्यातलं खरेपण पहिल्याच वर्षी निघून जाईल.

अडचणी खऱ्या आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, शेवटची परीक्षाही विद्यापीठच घेतं, उत्तरपत्रिका शिकवणाऱ्याच्या हाती येईलच असं नाही. वर्गात कधी शंभरावर मुलं असतात. आणि शिकवणाऱ्यांत मोठा वाटा तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापकांचा आहे. त्यांना तासांवर पैसे मिळतात, विचार करून लिहिलेल्या पानाचे मिळत नाहीत. त्यांच्याकडून निबंध मागणं अन्यायाचं होईल. शिवाय विद्यार्थ्याचं उत्तर वापरायचं तर त्याची संमती घ्यायला हवी आणि नाव काढून टाकायला हवं, हेही कटाक्षानं पाळायला हवं. पण अंतर्गत मूल्यमापन, सेमिनार, प्रॅक्टिकलची जर्नल, प्रकल्प एवढं तरी शिकवणाऱ्याच्या हातात असतं. आणि पोर्टफोलिओ प्रत्येक विषयाचा, दर वर्षी करायचा नसतोच. एका प्राध्यापकानं पाच वर्षांत एका विषयाचा एक चांगला केला तरी तो पुष्कळ झाला.

आणखी एक गोष्ट मला सतत खुणावते. आपल्या पदवीच्या वर्गांत पुस्तक इंग्रजी असतं, मुलं बहुतेक मराठी माध्यमातून आलेली असतात आणि समजावणं दोन्ही भाषांच्या मिश्रणात चालतं. करवीर, कागल, राधानगरीच्या खेड्यांतून आलेल्या मुलांना अर्थशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र समजावताना प्राध्यापक रोज नवी मराठी घडवत असतात. साखर कारखान्याची उदाहरणं, दूध संघाचा हिशेब, गुऱ्हाळातली काहिल, हुपरीतली चांदीची भट्टी, असं काय काय वर्गात येतं. ज्ञानाची मराठी समित्यांत जेवढी घडते त्याहून जास्त या वर्गांत घडते, असं मला वाटतं. आणि तास संपल्याची घंटा झाली की ती हवेत विरते. कोणी लिहून ठेवली तर उत्तम मराठी पाठ्यपुस्तकांचा कच्चा माल तिथेच तयार आहे.

वेळही याहून चांगली मिळणार नाही. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचं पहिलं वर्ष सुरू झालं. भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याचे अभ्यासक्रम, इंटर्नशिप असे कितीतरी विषय आलेत, जे याआधी या स्वरूपात कोणीच शिकवले नव्हते. त्यांचं पाठ्यपुस्तक धड तयार नाही, जुन्या प्रश्नपत्रिका फारशा नाहीत, अनुभवी म्हणावा असा कोणी नाही. म्हणजे आज जे प्राध्यापक हे विषय पहिल्यांदा शिकवत आहेत, त्यांनी ठेवलेली नोंद हीच पुढच्या सगळ्यांची पहिली वाट ठरेल.

म्हणून महाविद्यालयांत शिकवणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझी कळकळीची विनंती आहे. येत्या सत्रात एकच विषय निवडा. पहिल्या तासाला तुमच्या विषयाचा गाभा असलेला एकच प्रश्न विचारा आणि मुलांची उत्तरं जपून ठेवा. शेवटच्या तासाला तोच प्रश्न पुन्हा विचारा. तीन मुलांची परवानगी घेऊन त्यांचे दोन-दोन कागद शेजारी ठेवा आणि काय बदललं, काय बदललं नाही, ते तुमच्या मराठीत चार पानांत लिहा. मग ती चार पानं तोच विषय शिकवणाऱ्या दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याला वाचायला द्या, आणि त्याची चार पानं तुम्ही मागून घ्या.